फसलेल्या तासांच्या बाई

बाईंच्या अंबाड्यात कायम एक खडू खोचलेला असायचा. इतर बायका गजरा माळतात तसा. कॉलेजात, रिक्षात, अगदी लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा. आमच्या वर्गातल्या एका मुलीचं डोंबिवलीत लग्न होतं, तिथे नवऱ्या मुलाच्या आत्यानं त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "अहो, तुमच्या केसांत काहीतरी पांढरं अडकलंय."

"अडकलेलं नाही, ठेवलंय," बाई म्हणाल्या. "कुठे फळा दिसला तर?"

आत्यानं आमच्याकडे बघितलं. आम्ही ताटातल्या जिलबीकडे बघितलं.

कल्याणच्या एका बी.एड. कॉलेजात बाई आम्हाला गणित पद्धती शिकवायच्या. म्हणजे गणित नाही, गणित शिकवायचं कसं ते. आम्ही सगळे बी.एस्सी. होऊन आलेलो. आम्हाला वाटायचं, गणित तर येतंय, आता उरलं काय? दोन वर्षं काढायची, सर्टिफिकेट घ्यायचं, कुठेतरी चिकटायचं. मी तर घरातल्यांनी ढकललं म्हणून आलेलो. ठाण्याच्या पुढे दिवा स्टेशन आहे, तिथे राहायचो, वडील कंपनीत, आईचं म्हणणं एकच, मास्तर झालास की कुणी तुला अरे-तुरे करणार नाही.

पहिल्याच तासाला बाईंनी सांगितलं, "आठवडाभर माझ्या तासाला सगळ्यांनी डाव्या हातानं लिहायचं." एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मी डावखुरीच आहे." बाई खूश झाल्या. "छान. मग तू उजव्यानं."

ते अक्षर बघून आम्ही एकमेकांना हसत होतो. दोन दिवसांनी हसणं बंद झालं. तिसऱ्या दिवशी एकानं चिडून पेन आपटलं. बाई त्याच्या बाकापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि फार मायेनं म्हणाल्या, "पहिलीतल्या पोराला पाचाचा आकडा काढताना असंच होतं. आता तुझ्या बोटांना कळलं. डोक्याला कळायला अजून वेळ लागेल."

त्यांच्या वर्गात एक शब्द बंद होता. "सोपं." सराव पाठ घेताना कुणाच्या तोंडून "हे अगदी सोपं आहे हं मुलांनो" असं निघालं, की मागून बाईंचा आवाज यायचा, "खाली बस." भर वर्गात, शाळेतल्या पोरांच्या देखत. नंतर स्टाफरूमबाहेर उभं करून समजवायच्या. "सोपं म्हणालास की ज्याला येत नाही तो दोनदा हरतो. एकदा गणितापुढे आणि एकदा तुझ्यापुढे. अवघड आहे म्हण. जमलं तर त्याला वाटेल, अवघड जमलं. नाही जमलं तर निदान लाज नाही वाटणार."

सराव पाठ म्हणजे आम्ही जवळपासच्या शाळांत जाऊन खऱ्या वर्गावर तास घ्यायचे आणि आमच्या प्राध्यापकांनी मागे बसून निरीक्षण लिहायचं. बाकीचे प्राध्यापक खुर्ची मागवून बसायचे. बाई शेवटच्या बाकावर, पोरांच्या मधे. आणि निरीक्षण राहिलं बाजूलाच, त्या विद्यार्थिनीच व्हायच्या. हात वर करून म्हणायच्या, "सर, मला नाही कळलं." आम्ही पुन्हा सांगायचो. पुन्हा हात वर. "सर, तुम्ही तेच वाक्य मोठ्या आवाजात म्हणालात. मला तरी नाही कळलं." ठाकुर्लीच्या एका शाळेत तर सातवीतल्या मुलीला त्यांची इतकी दया आली, की तिनं बाकाखालून उत्तराची चिठ्ठी सरकवली. वर कुजबुजली, "लिहून टाका, नाहीतर सर ओरडतील." बाईंनी चिठ्ठी घेतली, उत्तर तपासलं आणि तितक्याच हळू आवाजात तिला सांगितलं, "उत्तर बरोबर आहे गं. पण आलं कसं?" पुढचा अर्धा तास माझा मित्र फळ्यावर काय करत होता याच्याकडे त्या दोघींचं लक्ष नव्हतं.

डस्टरशीही त्यांचं भांडण होतं. फळ्यावर चुकलं तर पुसायचं नाही. एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. "चूक कुठून कुठे गेली ते दिसू दे की. पुसून टाकलीस तर पोरांना वाटतं, सरांना पहिल्या फटक्यात येतं, आपल्यालाच येत नाही."

असं सगळं लिहिलं की बाई फार गोड वाटतील. तशा नव्हत्या. तोंडानं फटकळ. कॉलेजातल्या निम्म्या लोकांशी त्यांचं पटत नव्हतं. मीटिंगमध्ये कुणी स्लाईड दाखवत असलं की त्या मधेच विचारायच्या, "यातलं तुम्ही वर्गात काय करून बघितलंत?" प्राचार्यपद त्यांच्या समोरून दोनदा गेलं, त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. आमच्यातल्या एका मुलीचं पाठाचं टाचण त्यांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवून म्हटलं होतं, "हे तू लिहिलेलं नाहीस, गाईडनं लिहिलंय." ती रडली. बाईंनी माफी मागितली नाही. मात्र दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर तिच्याबरोबर बसून त्यांनी ते टाचण पहिल्या ओळीपासून नव्यानं केलं, इतका उशीर झाला की शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला. ती मुलगी आज आमच्यातली सगळ्यात चांगली शिक्षिका आहे, आणि आजही म्हणते, त्या दिवशी माझा अपमानच झालेला.

माझी अडचण वेगळी होती. माझा आवाजच निघायचा नाही. फळ्याकडे तोंड केलं की ठीक, वर्गाकडे वळलो की घसा बंद. तिसऱ्या बाकापलीकडे काही पोचत नव्हतं. दोन पाठ झाल्यावर बाईंनी मला थांबवलं.

"घरी बोलतोस का मोठ्यानं?"

"नाही बाई."

"कुठेच नाही? आयुष्यात कधीच नाही?"

मी विचार करून सांगितलं, "आमच्या वस्तीत विहार आहे. तिथे रविवारी वंदना मी म्हणतो. माईक नसतो."

"सगळ्यांना ऐकू जातं?"

"रस्त्यापर्यंत जातं."

बाईंनी अंबाड्यातला खडू काढून माझ्या हातात दिला. "येत्या रविवारी वंदना झाली की तिथेच पोरांना थांबव. मी येते."

त्या खरंच आल्या. दिव्यात पाण्याची बोंब असते हे ऐकून स्वतःची मोठी बाटली घेऊन आल्या, आणि आईनं तरीही दिलेला पाण्याचा तांब्या आधी संपवला, मग बाटली उघडली. वंदना होईपर्यंत मागे बायकांमध्ये शांत बसून राहिल्या. ती संपली आणि मी पोरांकडे वळलो, तशा म्हणाल्या, "थांबू नकोस. श्वास तोच ठेव. त्याच आवाजात पुढे बोल." समोर आमच्याच वस्तीतली पोरं, ज्यांना मी रोज बघत होतो. मी अपूर्णांक शिकवायला सुरुवात केली आणि माझा आवाज मलाच परका वाटला. बाहेरून जाणारा भाजीवाला आत डोकावला. बाईंनी त्यालाही बसवून घेतलं.

पुढचे दोन महिने मी दर रविवारी तिथे शिकवलं. बाई प्रत्येक वेळी आल्या नाहीत. पण न सांगता कधीही यायच्या, त्यामुळे त्या आल्यात असं समजूनच मी शिकवायचो.

मग अंतिम पाठाची परीक्षा. डोंबिवलीची एक शाळा, सहावीचा वर्ग, बाहेरून आलेले परीक्षक, त्यांच्या शेजारी बाई. विषय अपूर्णांकांचा भागाकार. दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. उदाहरणं छान गेली, आवाज भिंतीपर्यंत पोचत होता, मी मनात खूश. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उठली.

"सर, दुसऱ्यालाच का उलटं करायचं? पहिल्याला केलं तर?"

मी उलटं करत आलेलो ते शाळेपासून. बी.एस्सी.तसुद्धा कधी कुणी विचारलं नव्हतं. मी फळ्याकडे बघितलं, परीक्षकांकडे बघितलं. आणि म्हणालो, "मला आत्ता सांगता येत नाहीये. पण प्रश्न चांगला आहे." घंटा झाली.

परीक्षक सज्जन गृहस्थ होते, चिडले नाहीत. पण गुण अगदी काठावरचे दिले. म्हणाले, "शिक्षकाला आशय आलाच पाहिजे." मी बाहेर व्हरांड्यात बाईंची वाट बघत उभा राहिलो. मला वाटलं, त्या आत भांडत असतील. नेहमी म्हणायच्या ना, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

त्या बाहेर आल्या. "मार्क बरोबर दिलेत त्यांनी."

"पण बाई, तुम्हीच सांगितलेलं..."

"खरं बोललास ते उत्तम केलंस. आशय आला नाही तेही खरं. दोन्ही खरं आहे." मग मला म्हणाल्या, "तुझी परीक्षा संपली. तिचा प्रश्न नाही संपला. उद्या येऊन तास पूर्ण कर."

"उत्तर काय आहे पण?"

"ते तू शोध. मी सांगितलं तर तू तिला माझं वाक्य नेऊन देशील."

त्या संध्याकाळी मी घरी कागदाच्या पट्ट्या घेऊन बसलो. आई भाकऱ्या थापत होती. मी उठलो, दोन भाकऱ्या घेतल्या आणि तुकडे करायला लागलो. आई ओरडली, "खायच्यात त्या!" मी म्हटलं, खाऊ गं, थांब. पाठोपाठ तिसरी भाकरीही मोडली. जेवायला बसलो तेव्हा आमच्या टोपलीत एकही भाकरी अख्खी नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चित्रकलेच्या सरांकडून त्यांचा तास मागून घेतला. मी फळ्यावर दोन भाकऱ्या काढल्या. प्रत्येक माणसाला दोन-तृतीयांश भाकरी मिळणार. तर किती माणसं जेवतील? भाकरीचे तीन-तीन तुकडे केले, म्हणजे तीननं गुणलं. सहा तुकडे झाले. एकाला दोन तुकडे, म्हणजे दोननं भागलं. तीन माणसं. "तीननं गुणा, दोननं भागा. उलटं करा म्हणतात ते हेच. आणि पहिल्याला का नाही? कारण भाकऱ्या आपल्याकडे आहेत तेवढ्याच आहेत. तुकडे कसे करायचे हे ठरतं ते एकेकाच्या वाट्यावरून. वाटा म्हणजे दुसरा अपूर्णांक."

त्या मुलीनं फळ्यावरचे तुकडे बोटानं मोजले. मग म्हणाली, "मग कालच असं सांगायचं ना सर."

सगळा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मागून बाई.

नोकरी मला दिव्यातच लागली, एका खाजगी शाळेत. एका बाकावर तीन-तीन पोरं, पंख्यांचा आवाज, आणि दर आठवड्याला हेडमास्तरांची विचारणा, पोर्शन कुठवर आला? पहिल्याच वर्षी मी थकलो. तेवढ्यात ठाण्यात खोपटच्या बाजूला एका मोठ्या कोचिंग क्लासनं बोलावलं. एसी वर्ग, निवडून घेतलेली पोरं. मी बाईंना सांगायला गेलो. मला त्यांच्या तोंडून "जा" ऐकायचं होतं.

"जा," त्या लगेच म्हणाल्या. "पण आधी एकदा मला तुझ्या वर्गात बसू दे."

बसल्या. नववीचा वर्ग होता. सुटल्यावर जिन्यात थांबून मला म्हणाल्या, "डावीकडच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेली मुलगी. तू फळ्याकडे वळलास की ती ओठ हलवत तुझ्याबरोबर गणित सोडवते. वर्गाकडे वळलास की थांबते. तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. मी तिला ढ समजत होतो.

"क्लासात हात वर करणारी पोरं असतात. तीही पोरंच, त्यांनाही मास्तर लागतो," बाई म्हणाल्या. "ओठ हलवणारी मात्र इथे असतात. तू ठरव."

एवढं बोलून त्या निघाल्या, रिक्षावाल्याशी हुज्जत घालत. मी क्लासला गेलो नाही. कधीकधी अजून वाटतं, जायला हवं होतं. महिन्यातून एकदा वाटतं. नववीच्या तासाला गेलो की विसरतो.

निवृत्त झाल्यावर बाईंनी ठाकुर्लीच्या आपल्या घरी शनिवार सुरू केला. संध्याकाळी जुने विद्यार्थी जमायचे. कुणी अंबरनाथहून, कुणी ठाण्याहून, सगळे कुठल्या ना कुठल्या शाळेत गणित शिकवणारे. बाई थालीपीठ लावायच्या. नियम एकच. आठवड्यातला फसलेला तास सांगायचा. चांगला झालेला सांगायचा नाही. "यश घरी आईला सांगा. इथे फसलेलं आणा." एकजण म्हणाला होता, प्रमेय शिकवताना पोरं झोपली. बाईंनी विचारलं, "सगळ्यात आधी कोण झोपलं?" त्याला आठवेना. "तो आठवेपर्यंत थालीपीठ नाही." आणि खरंच दिलं नाही. पण फसलेलं सांगून तिथून कुणी खाली मान घालून गेलेलं मी पाहिलं नाही. आपल्यासारखे सगळेच पडतात हे एकदा कळलं, की सोमवारी शाळेचा जिना चढायला बळ यायचं.

एका शनिवारी कुणाकडेच काही नव्हतं. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपलेली. बाई म्हणाल्या, "मग आज माझा ऐका."

त्यांचा मुलगा आम्ही पाहिलेला होता. कल्याणला राहायचा, एसी दुरुस्तीचा व्यवसाय. अधूनमधून आईकडे भाजी घेऊन यायचा, पण आम्ही बसलेलो असलो की पिशवी दारातूनच देऊन जायचा. आम्हाला वाटायचं, माणूस घुमा आहे.

"त्याला शाळेत असताना मी घरी गणित शिकवायचे," बाई म्हणाल्या. "दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवून आलेले असायचे. त्याला आलं नाही की माझा संताप व्हायचा. तुम्हाला मी सोपं म्हणू देत नाही ना? त्याला मी रोज म्हणायचे. इतकं सोपं कसं येत नाही रे तुला? एकदा त्याची कंपासपेटी गॅलरीतून खाली फेकली. तो खाली जाऊन एकेक वस्तू गोळा करून आला आणि म्हणाला, आई, मला गणित नको. त्यानंतर त्यानं माझ्यासमोर कधी बेरीजसुद्धा केलेली नाही."

एरवी फसलेल्या तासावर आम्ही उपाय सुचवायचो. यावर काय सुचवणार?

त्यानंतर काही महिन्यांनी बाईंचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "तुला उद्या दुपारी वेळ आहे का? नात आलीय. सातवीत आहे. उणे संख्या शिकवायला बसले आणि माझा आवाज चढला. मलाच ऐकू आला. माझ्याकडून होणार नाही. तू ये."

मी गेलो. जेवणाच्या टेबलाशी ती मुलगी वही मिटून बसली होती. दाराशी तिचे वडील, म्हणजे बाईंचा मुलगा, तिला न्यायला आलेले, बूटसुद्धा न काढता उभे. मला म्हणाले, "सर, नसेल जमत तर राहू द्या. आमच्या घराण्यातच नाही ते. माझ्यावर गेलीय."

"आजी, तू बाहेर जा ना," मुलगी म्हणाली. बाई निमूट उठल्या, गॅलरीत गेल्या आणि दार अर्धं लोटून घेतलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाचं पहिल्या सांगण्यात ऐकताना पाहिलं नव्हतं.

मी वही उघडली नाही. तिला विचारलं, "तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे?"

"आहे ना. पार्किंगसाठी खाली दोन मजले आहेत. उणे एक, उणे दोन."

"आणि तू कुठे राहतेस?"

"पाचव्यावर."

"तळमजला शून्य. पाचव्यावरून शून्यावर आलीस तर किती मजले उतरलीस?"

"पाच. पाच वजा शून्य."

"दुसऱ्यावर आलीस तर?"

"तीन. पाच वजा दोन." तिनं माझ्याकडे बघितलं, यात काय शिकवताय अशा नजरेनं.

"मग पप्पांची गाडी उणे दोनवर आहे. तिथे गेलीस तर किती मजले उतरलीस?"

तिनं बोटांवर मोजलं. "सात."

"मांड बघू. पाच वजा..."

"पाच वजा... उणे दोन." ती थांबली. "म्हणजे सात?" पुन्हा बोटं मोजली. "अय्या. पाच अधिक दोन! म्हणून ते दोन वजा एकत्र आले की अधिक होतात? खाली अजून मजले असतात म्हणून?"

"म्हणून."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिचे वडील टेबलाशी येऊन बसले होते. कधी बूट काढले कोण जाणे. त्यांनी लेकीच्या हातातली पेन्सिल घेतली, वहीच्या मागच्या पानावर एक उभी रेघ काढली, तिच्यावर मजले आखले, शून्याच्या खाली दोन. हळूहळू बोट खाली नेत मोजले. मग दुसरं उदाहरण स्वतःच मांडलं, तीन वजा उणे एक, आणि चार लिहिलं. पेन्सिल खाली ठेवली.

गॅलरीच्या दाराकडे बघत ते म्हणाले, "आई, एवढंच होतं ते?"

बाहेरून बाईंचा आवाज आला, आतापर्यंत ऐकलेला सगळ्यात बारीक.

"हो रे. एवढंच होतं. मला सांगता आलं नाही."

ते उठले. गॅलरीचं दार त्यांनी पूर्ण उघडलं. बाई कठड्याला धरून पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"आत ये," ते म्हणाले. "गुणाकार राहिलाय अजून. मला पण बसायचंय."